बर्डीत मिळणारं तीस पिनांचं ईएसपी३२ बोर्ड: चालतं छान, प्रोग्राम घेताना रुसतं

ज्या बोर्डाबद्दल लिहितेय ते वाय-फाय-ब्लूटूथवालं मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे संगणकावरून प्रोग्राम चढवून यंत्रं चालवायचं छोटं बोर्ड. त्याला धड नाव नाही. पत्र्याच्या झाकणावर ईएसपी-व्रूम-३२ असं छापलेलं, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पिना, यूएसबीच्या खोबणीशेजारी दोन बारकी बटणं: एकावर ईएन, दुसऱ्यावर बूट. पाकिटावर कंपनी नाही, पत्ता नाही, सोबत कागदाचा चिटोरा नाही. बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या काउंटरवर "ईएसपी द्या" म्हटलं की बहुतेक हेच पुढ्यात येतं, चारशे-साडेचारशेच्या घरात. आतली चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची, २०१६ पासून बाजारात असलेली आणि चांगली पारखलेली. तिच्याभोवतीचं बोर्ड मात्र कोणीही बनवतं, आणि माझं म्हणणं सगळं त्या "कोणीही"ने केलेल्या कामाबद्दल आहे.

मी हिंगणा रोडवरच्या एका तंत्रनिकेतनात मायक्रोकंट्रोलरची लॅब सांभाळते. जानेवारी लागला की शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्ट घेऊन यायला लागतात. काटोल-नरखेडकडचा एखादा संत्र्याच्या बागेतल्या ठिबकचा व्हॉल्व्ह मोबाइलवरून उघडणारा, कोणी हजेरीचं यंत्र बनवणारा, कोणाचा गॅसगळतीचा अलार्म. प्रोजेक्ट वेगवेगळे, तक्रार एकच: "म्याडम, बोर्ड मेलं." मेलं म्हणजे काय झालं, असं विचारलं की उत्तर येतं, "प्रोग्रामच नाही घेऊन राह्यलं ना." म्हणून वाय-फाय किती लांब पोचतं, ब्लूटूथ कसं आहे, यात मी शिरणार नाही. हे बोर्ड मी एकाच गोष्टीवर तोलते: दिलेला प्रोग्राम मुकाट्याने घेतं का.

आधी घाबरलेल्यांसाठी. प्रोग्राम उतरवून घेणारा ईएसपी३२चा पहिला कोड चिपच्या रॉममध्येच, म्हणजे पुसता न येणाऱ्या मेमरीत, कायमचा असतो. फ्लॅशमध्ये, म्हणजे आपला प्रोग्राम साठतो त्या मेमरीत, तुम्ही काहीही कचरा भरा, त्या कोडाला धक्का लागत नाही. सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे बोर्ड काय म्हणतंय ते दाखवणाऱ्या खिडकीत, "इनव्हॅलिड हेडर" आणि पुढे आठ एफ अशी ओळ धबाधबा पडत राहिली तर फ्लॅश कोरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या अर्डुइनो नॅनोचं तसं नाही. तिथे प्रोग्राम उतरवून घेणारा कोड, म्हणजे बूटलोडर, फ्लॅशमध्येच राहतो आणि तो उडाला तर वेगळा प्रोग्रामर लावून पुन्हा बसवावा लागतो. ईएसपीला कायमचं लंगडं करायचं तर ई-फ्यूज, म्हणजे चिपमधल्या एकदाच बदलता येणाऱ्या खुणा, जाळावे लागतात, आणि ते काम अर्डुइनो आयडीई या प्रोग्राम लिहून चढवायच्या सॉफ्टवेअरमधलं अपलोडचं बटण दाबून चुकून होत नाही. माझ्या टेबलावर "मेलेलं" म्हणून आलेलं बहुतेक बोर्ड त्याच दुपारी परत गेलंय.

आता केबल. बोर्डासोबत दुकानदार प्रेमाने एक वीतभर केबल फुकट देतो. ती घेऊन घरी जा, काहीतरी चार्ज करा, पण बोर्डाला लावू नका. यूएसबीत चार तारा लागतात: पाच व्होल्ट, ग्राउंड, आणि मधल्या दोन डेटाच्या. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये या मधल्या दोन नसतातच. बोर्डाचा लाल दिवा लागतो, कारण वीज पोचलेली असते, आणि पोरगं छातीठोकपणे सांगतं की केबल बरोबर आहे, दिवा लागलाय ना! मी एकदा काउंटरवर विचारलं, "भाऊ, ही केबल डेटावाली आहे का?" उत्तर मिळालं, "चार्जिंग एकदम मस्त करते, म्याडम." म्हणजे मिळालं ते उत्तर. तपासायची सोपी रीत अशी की केबलला बोर्ड नाही, मोबाइल लावायचा. फाइली दिसल्या तर डेटा आहे. केबल टाइप-सी असो की मायक्रो, ही तपासणी चुकत नाही.

टाइप-सीवरून आठवलं. याच बोर्डाची नवी आवृत्ती टाइप-सी खोबणीची येते आणि पोरं तिच्यावर तुटून पडतात. यातल्या कित्येक बोर्डांवर सीसी पिनांचे ५.१ किलोओहमचे दोन रोधक बसवलेलेच नसतात. दोन्ही टोकं टाइप-सी असलेली केबल नव्या लॅपटॉपला लावली की लॅपटॉप वीजच सोडत नाही, कारण पलीकडे कोणी आहे हे त्याला कळत नाही. दिवासुद्धा लागत नाही. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेली केबल लावली की बोर्ड लगेच जागं. दोन रोधकांची किंमत सुट्या पैशांत मोजावी लागेल इतकी कमी, आणि ते वाचवले. असल्या काटकसरीचा मला राग येतो.

केबल नीट असूनही पोर्ट दिसत नसेल तर यूएसबी ते सिरीयल करणारी चिप बघा. एक बोर्ड येतं सिलिकॉन लॅब्जच्या सीपी२१०२ वर, दुसरं चीनच्या डब्ल्यूसीएच कंपनीच्या सीएच३४० वर. चौकोनी, बिनपायांची दिसते ती सीपी२१०२. दोन्ही बाजूंना पाय फुटलेली लांबट ती सीएच३४०. दोन्ही चालतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं तर ड्रायव्हर नाही, बस. आमच्या लॅबमध्ये इंटरनेट कधी असतं, कधी नसतं, म्हणून दोन्ही ड्रायव्हर मी पेनड्राइव्हवर ठेवते.

लिनक्सवर मात्र सीएच३४० चा एक खास घोळ आहे. उबंटू २२.०४ मध्ये बोर्ड लावलं की पोर्ट क्षणभर उगवतं आणि नाहीसं होतं. कारण बीआरएलटीटीवाय नावाची सेवा. ती दृष्टिहीनांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असते, आणि काही ब्रेल यंत्रांमध्ये हीच चिप, हाच ओळखक्रमांक असल्यामुळे तिला वाटतं ब्रेल डिस्प्लेच आला, म्हणून ती पोर्ट ताब्यात घेते. त्या संगणकावर कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर सेवा काढून टाकावी. वापरत असेल तर सरळ सीपी२१०२ चं बोर्ड घ्यावं. आणि "परमिशन डिनाइड" आलं तर स्वतःला डायलआउट गटात, म्हणजे सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात, घालून एकदा लॉग आउट व्हा. पोरं दर वेळी सुडो मारतात, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने काम चालवतात, ते मला आवडत नाही.

हे सगळं पार करून आलात की खरा रुसवा सुरू होतो. स्क्रीनवर "कनेक्टिंग" येतं, त्यापुढे टिंबं, मग रेघा, मग पुन्हा टिंबं, आणि शेवटी लाल अक्षरं. या लाल अक्षरांत फरक असतो आणि तो कोणी वाचत नाही. "नो सिरीयल डेटा रिसीव्ह्ड" असं असेल तर चिपकडून एक अक्षरही आलेलं नाही. केबल, ड्रायव्हर, चुकीचं पोर्ट यांतलं काहीतरी असण्याची शक्यता जास्त. पण "राँग बूट मोड डिटेक्टेड" आणि पुढे ०एक्स१३ असेल तर बातमी चांगली आहे! चिप बोलली, संगणकाने ऐकलं, म्हणजे केबल, ड्रायव्हर, पोर्ट सगळं ठीक. फक्त चिप प्रोग्राम घ्यायच्या वाटेला न जाता स्वतःचा आधीचा प्रोग्राम चालवायला निघून गेली.

असं का होतं? जागी होताना चिप जीपीआयओ शून्य ही पिन बघते. ती खाली, म्हणजे शून्य व्होल्टला असेल तर प्रोग्राम घ्यायला बसते. वर असेल तर फ्लॅशमधलं चालवते. बूटचं बटण तीच पिन खाली ओढतं, ईएनचं बटण चिपला झोपवून उठवतं. माणसाने बटणं दाबू नयेत म्हणून बोर्डावर दोन ट्रान्झिस्टर असतात, बहुधा जे३वाय असा शिक्का असलेले. संगणकाकडून येणाऱ्या डीटीआर आणि आरटीएस या दोन तारा त्यांच्यामार्फत हीच दोन बटणं दाबतात. जोडणी अशी आहे की दोन्ही तारा एकदम सक्रिय झाल्या तर कोणतंच बटण दाबलं जात नाही. सिरीयल मॉनिटर उघडताना बोर्ड उगाच रीसेट होऊ नये म्हणून केलेली ही चांगली युक्ती, पण अडचणही तिच्यातच आहे.

प्रोग्राम चढवणारं ईएसपीटूल आधी आरटीएसने चिपला झोपवतं. मग डीटीआर सक्रिय करून आरटीएस सोडतं. विंडोजवर ही दोन कामं एकापाठोपाठ एक होतात, एकदम नाही. मधल्या त्या क्षणी दोन्ही तारा सक्रिय असतात, म्हणजे कोणतंच बटण दाबलेलं नसतं, म्हणजे चिप जागी होते आणि जीपीआयओ शून्य अजून वरच असते. पिन खाली यायच्या आत चिपने बघून घेतलं, निघाली आपल्या वाटेला. उपाय काय, तर ईएनची तार वर चढायला जरा वेळ लागला पाहिजे, म्हणजे तेवढ्यात जीपीआयओ शून्य खाली येईल. त्यासाठी ईएन आणि ग्राउंड यांच्यामध्ये कपॅसिटर असतो. एस्प्रेसिफचा सल्ला साधारण १० किलोओहमचा रोधक आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असा आहे. गुणाकार केला तर दहा मिलिसेकंद. तेवढी उसंत पुरते. बिननावी बोर्डांवर तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा बसवतात, म्हणजे एकच मिलिसेकंद, किंवा जागा रिकामीच सोडतात.

म्हणूनच एकच बोर्ड एका पोराच्या लॅपटॉपवर प्रोग्राम घेतं आणि शेजारच्याच्या लॅपटॉपवर नाही. लिनक्सवर ईएसपीटूलच्या नव्या आवृत्त्या दोन्ही तारा एकदम बदलू शकतात, तिथे हा क्षणच उरत नाही. मग पोरं लॅपटॉपला शिव्या देतात, अँटिव्हायरस काढतात, विंडोज नव्याने टाकतात. एकाने तर फॉरमॅट मारून आदल्या सेमिस्टरच्या जर्नलच्या फाइली घालवल्या. या सगळ्याला औषध म्हणजे एक रुपयाचा कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक असेल तर लांब पाय ईएनला, आखूड पाय ग्राउंडला. इंटरनेटवर सगळे दहा मायक्रोफॅरडचा लावा म्हणतात. तो चालतो, पण ईएन वर यायला इतका वेळ घेतो की पहिला प्रयत्न फुकट जाऊन दुसऱ्या, जास्त थांबणाऱ्या प्रयत्नात काम होतं. मी एकचाच लावते.

कपॅसिटर हाताशी नसेल तर बोट आहे. टिंबं पडायला लागली की बूटचं बटण दाबून धरायचं आणि टक्केवारी सुरू झाली की सोडायचं. ते जमलं नाही तर बूट दाबून धरा, ईएन एकदा टिचकी मारल्यासारखं दाबा, मग बूट सोडा. मॉनिटर ११५२०० वर उघडा असेल तर "वेटिंग फॉर डाउनलोड" अशी ओळ दिसते. मॉनिटर बंद करूनच मग अपलोड करा, नाहीतर पोर्ट त्याच्याच ताब्यात राहतं.

अपलोड चालू होऊन मध्येच तुटत असेल तर वेग कमी करा. अर्डुइनो आयडीई या बोर्डाला ९२१६०० च्या वेगाने भरवायला बघतं. सीएच३४०, लांब केबल आणि समोरच्या पॅनेलची ढिली यूएसबी एकत्र आले की तेवढ्या वेगात बाइट गळतात. ४६०८०० करा, नाहीच तर ११५२००. वेळ जास्त जाईल, जाऊ द्या.

बोर्ड सुटं असताना प्रोग्राम घेतं आणि प्रोजेक्टमध्ये बसवलं की घेत नाही, ही तक्रारही नेहमीची. यात बोर्डाचा दोष नाही, पण बोर्डावर एक शब्द छापला असता तर बरं झालं असतं. जीपीआयओ १२ जागं होताना वर ओढलेली असेल तर चिप समजते की फ्लॅश १.८ व्होल्टची आहे, आणि ३.३ च्या फ्लॅशला कमी दाब देऊन बसते. रिले मॉड्यूल किंवा एसडी कार्ड नेमकं तिथे जोडलेलं असतं. जीपीआयओ २ वर ओढलेली असेल तर प्रोग्राम घ्यायची वाट बंद. जीपीआयओ १ आणि ३ वर जीपीएस लावला असेल तर संगणक आणि जीपीएस एकाच तारेवर भांडतात. आणि ६ ते ११ या पिना फ्लॅशच्याच आहेत. सुदैवाने तीस पिनांच्या बोर्डात त्या बाहेर काढलेल्या नाहीत. अडतीस पिनांच्या बोर्डात आहेत, आणि पोरं त्यांना हमखास काहीतरी जोडतात. त्यासाठीच मी तीसवालं घ्यायला सांगते.

ब्रेडबोर्डवर मात्र हे बोर्ड गैरसोयीचं. रुंदी अशी की एका बाजूला भोकांची एकच ओळ उरते, दुसऱ्या बाजूला एकही नाही. आम्ही दोन ब्रेडबोर्डांच्या मधल्या पट्ट्या काढून ते जोडतो आणि बोर्ड दोघांवर पाय टाकून बसवतो.

विजेचं थोडक्यात. ३.३ व्होल्ट बनवणारा एएमएस१११७ आपल्यासाठी एखादा व्होल्ट राखून ठेवतो. जुन्या संगणकाच्या यूएसबीतून पाचाऐवजी साडेचारच आले आणि वाय-फायने शेकडो मिलिअँपिअरचा घोट घेतला की "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" म्हणत बोर्ड पुन्हापुन्हा चालू-बंद होतं. प्रोग्राम चढलेला असतो, फक्त टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्या लॅबचा कूलर त्याच एक्स्टेन्शनवर असतो. त्याची मोटर सुरू झाली की टेबलावरची बोर्डं एकदम रीसेट होतात. नागपूरच्या मेमध्ये कूलर बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणून बोर्डांचं एक्स्टेन्शन वेगळं केलंय.

दुसरं काही घ्यावं का? पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला मी रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू सुचवते. बूटसेलचं बटण दाबून केबल लावली की ती पेनड्राइव्हसारखी उघडते, फाइल ओढून टाकायची, संपलं. वाय-फायसुद्धा आहे. महाग पडते आणि बर्डीत दर वेळी मिळेलच असं नाही. ईएसपी३२-सी३ ची छोटी बोर्डंही चांगली. त्यांच्या चिपमध्येच यूएसबी असल्यामुळे दोन ट्रान्झिस्टरांचा खेळच नाही. फक्त लक्षात ठेवा, हाताने फाइली चढवत असाल तर तिथे बूटलोडर (रॉममधल्या कोडानंतर चालणारा, फ्लॅशमधला) शून्य पत्त्यावर जातो, आणि जुन्या ईएसपी३२ मध्ये ०एक्स१००० वर. ब्लू पिल नावाच्या बोर्डाच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. एसटीएम३२ म्हणून दिलेल्या त्या बोर्डांत दुसऱ्याच कंपनीची नक्कल चिप निघते, आणि प्रोग्रामर ओळखक्रमांक जुळत नाही म्हणून अडून बसतो.

दुकानांबद्दल. आमच्या एका पोराला मिळालेलं बोर्ड खरोखर खराब होतं, यूएसबीची खोबणी नुसती चिकटवल्यासारखी. परत करायला गेला तर ऐकावं लागलं, "पिना सोल्डर केल्या, आता नाही होत." पिना तर आधीच सोल्डर होऊन येतात! नाव घेत नाही. पण तेव्हापासून पोरांना सांगते, काउंटरवरच लॅपटॉप उघडा आणि ईएसपीटूलने फ्लॅशची ओळख विचारा. पंधरा सेकंद लागतात. चिपचं नाव, आवृत्ती, फ्लॅश ४ एमबी आहे की नाही, सगळं छापून येतं. शिवाय बूटला हात न लावता जोडणी झाली की कपॅसिटरचीही परीक्षा झाली. विंडोजवरच करा ही तपासणी, लिनक्सवर वाईट बोर्डही पास होतं. काही दुकानदार कुरकुरतात, काही स्वतःचा लॅपटॉप पुढे करतात. दुसऱ्या प्रकारच्यांकडून घ्या, वीस रुपये जास्त गेले तरी.

माझे गुण पाचपैकी साडेतीन. चिपला पाच, बोर्डाला दोन, असा तो हिशेब. लॅबसाठी दरवर्षी हेच मागवते आणि यंदाही मागवलंय: मायक्रो यूएसबीवालं, सीपी२१०२ चं, आणि त्याच बिलात १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरांची एक पट्टी. फुकटच्या केबली दुकानातच ठेवून आले.